एकट्याची वाट आणि सीमेवरचे शिक्के

२०२५ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात भरदिवसा एक मोटारसायकल चोरीला गेली. एरवी अशा चोरीची दखल स्थानिक वृत्तपत्रांनीही घेतली नसती. पण ही गाडी मुंबईहून आली होती. मे महिन्यात घर सोडून, सतरा देश आणि सुमारे चोवीस हजार किलोमीटरचा रस्ता मागे टाकून एक मराठी दुचाकीस्वार एकटाच तिथवर पोचला होता. उद्यानाच्या वाहनतळावर गाडी लावून तो न्याहारीला गेला आणि परत आला तेव्हा जागा रिकामी होती. बातमी इकडेही छापून आली, लोकांनी हळहळ व्यक्त केली. ती बहुतेक गाडीविषयी होती. पुढे तेथील एका दुचाकी विक्रेत्याने त्याला दुसरी गाडी विनामूल्य दिलीही. मात्र गाडीला जोडलेल्या पेट्यांत त्याचा पासपोर्ट आणि कागदपत्रे होती, आणि ती अशी भेट म्हणून कोणाला देता येत नाहीत.

खंडांमागून खंड ओलांडणाऱ्या एकाकी मोटारसायकल प्रवासाविषयी आपल्या मनात एक ठरावीक चित्र असते. दूरवर गेलेला निर्मनुष्य रस्ता, क्षितिजावर डोंगर आणि कोणाच्याही परवानगीवाचून धावणारा स्वार. हे चित्र अगदीच खोटे नाही. पण ज्यांनी असे प्रवास खरोखर केले त्यांच्या हकिगती वाचल्या की ध्यानात येते, या प्रवासाचा मार्ग रस्त्यांवरून क्वचितच ठरतो. तो ठरतो सीमांवरून. कोणता दरवाजा त्या वर्षी उघडा आहे, कोणता युद्धामुळे बंद झाला आहे आणि जो उघडा आहे त्यातून गाडी आत न्यायला कोणता कागद लागतो, यांवर सारा नकाशा अवलंबून असतो.

टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराचेच पाहा. लंडनच्या ‘संडे टाइम्स’च्या पाठबळावर ५०० सीसीची ‘ट्रायम्फ टायगर’ घेऊन तो जगप्रदक्षिणेला निघाला. ट्रायम्फच्या मेरिडन येथील कारखान्यात त्याच सुमारास कामगारांनी ठिय्या दिला होता. पण खरा योगायोग पुढचा आहे. सायमनने लंडन सोडले तो दिवस होता ६ ऑक्टोबर १९७३. त्याच दिवशी इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला आणि पश्चिम आशियात युद्धाला तोंड फुटले. सायमनची वाट ट्युनिशिया, लिबियामार्गे इजिप्तमधूनच जाणार होती. माघारी न फिरता तो पुढे गेला, सुदानमध्ये अतबारापासून कसलापर्यंतचा वाळवंटी टप्पा त्याने धडपडत पार केला आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला.

त्यानंतर बोटीने तो ब्राझीलच्या फोर्तालेझा बंदरात उतरला. ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती. एकटा परदेशी माणूस, हातात कॅमेरा आणि जवळ मोटारसायकल. एवढे संशयाला पुरेसे ठरले आणि पोलिसांनी त्याला कोठडीत टाकले. दोनेक आठवडे त्याला बाहेरच्या जगाचा भरवसा उरला नव्हता. चार वर्षांच्या आणि सुमारे एक लाख किलोमीटरच्या त्याच्या प्रवासात वाळवंटाने किंवा डोंगराने त्याला जितके घाबरवले नाही, तितके त्या कोठडीने घाबरवले असावे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ या त्याच्या पुस्तकात या प्रसंगाने बरीच जागा व्यापली आहे. (शीर्षकातला ‘ज्युपिटर’ भारतातला आहे. एका लग्नसमारंभात भेटलेल्या भविष्यवेत्त्याने सायमनला तो ज्युपिटर असल्याचे सांगितले होते. त्या ग्रहाला आपल्याकडे गुरू म्हणतात, हे लक्षात घेतले तर त्या भाकिताला आणखी एक छटा येते.)

आता या वाटेवरच्या तुटलेल्या जागा पाहू. जगाच्या नकाशावर अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत पॅन-अमेरिकन महामार्गाची रेघ ओढलेली दिसते. पण पनामातील याविसा या गावाशी ती थांबते. तिथून कोलंबियापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर दलदल आणि घनदाट अरण्य आहे. याला डेरियनची खिंड म्हणतात. रस्ता नाहीच, त्यामुळे गाडी बोटीने किंवा विमानाने पलीकडे न्यावी लागते. ही तूट निसर्गाची म्हणता येईल. आग्नेय आशियातली तूट माणसांनी केलेली होती. थायलंड आणि भारत यांच्यामध्ये ब्रह्मदेश आहे, तिथे रस्तेही आहेत. परंतु कित्येक दशके परदेशी प्रवाशांना जमिनीवरून त्या देशात शिरून पलीकडे बाहेर पडता येत नसे. साहजिकच प्रत्येक दुचाकीस्वार मलेशियातील पेनांग बंदरात थांबे आणि बोटीने मद्रासला येई. या मार्गावर ‘चिदंबरम्’ नावाची भारतीय प्रवासी बोट चालत असे. १९८५ मध्ये तिला आग लागली आणि तो जलमार्गही सरला. पुढे २०१३ नंतर म्यानमारची दारे हळूहळू किलकिली झाली, २०१८ मध्ये मणिपुरातील मोरेची चौकी रीतसर खुली झाली आणि भारतातील अनेक हौशी स्वार थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले. मग २०२० ची महासाथ आली, पाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मधला लष्करी उठाव झाला. उघडलेले दार सात-आठ वर्षांतच पुन्हा लागले.

पश्चिमेकडे उलट घडले. सत्तरच्या दशकात युरोपातून इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबरखिंड करत दिल्लीला येणारी वाट चांगली रुळलेली होती. हिप्पी तरुणांच्या बसगाड्या त्याच वाटेने येत. सायमन १९७७ मध्ये याच वाटेने घरी परतला. पुढच्या दोन वर्षांत इराणात क्रांती झाली आणि १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. म्हणजे सायमन निघाला एक युद्ध सुरू होताना आणि परतला ती वाट बंद होण्याच्या जेमतेम आधी. दोन-तीन वर्षे उशीर झाला असता तर त्याच्या पुस्तकाचा शेवट वेगळाच झाला असता.

सीमा उघडी असली तरी गाडीचा प्रश्न राहतोच. माणसाला पासपोर्ट आणि व्हिसा पुरतो. गाडीला मात्र तिचा स्वतंत्र पासपोर्ट लागतो. त्याला ‘कार्ने द पॅसाज’ म्हणतात. स्वारांच्या बोलण्यात तो नुसता ‘कार्ने’. हा दस्तऐवज दिसायला साधा असला तरी त्यामागचे गणित समजून घेण्याजोगे आहे. परदेशी गाडी देशात आली की तो मालाची आयात ठरतो आणि आयातीवर जकात लागते. प्रवासी म्हणतो, मी गाडी विकणार नाही, महिन्याभरात परत घेऊन जाईन. जकात अधिकाऱ्याने त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? विश्वास ठेवायचा नसेल तर जकातीइतकी रक्कम सीमेवर अनामत घ्यायची आणि बाहेर पडताना परत करायची, हा एक उपाय. पण दहा देश ओलांडणाऱ्याने दहा वेळा एवढी रोकड कोठून आणावी, आणि एका टोकाला भरलेली रक्कम दुसऱ्या टोकाच्या चौकीवर त्याला कोण परत देणार?

यावर तोडगा म्हणून निरनिराळ्या देशांतील मोटार संघटनांनी एकमेकांची हमी घेण्याची पद्धत सुरू केली आणि १९५४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानंतर तिला पक्के रूप आले. स्वाराने आपल्या देशातील संघटनेकडे ठेव किंवा बँकेची हमी द्यायची. संघटना त्याला कार्नेची पुस्तिका देते. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग जकात अधिकारी फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेत राहतो. गाडी आली आणि गेली, याचा तोच पुरावा. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्याच देशात उरते. मग ती चोरीला गेलेली असो, दरीत पडलेली असो की प्रत्यक्षात चार देश पुढे धावत असो. जकातीची मागणी संघटनेकडे येते आणि संघटना ती ठेवीतून वसूल करते.

भारतात हे कार्ने देणाऱ्या संस्थांत मुंबईची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ जुनी आणि परिचित आहे. युरोपातल्या बहुतेक देशांत कार्नेची गरज पडत नाही. गरज पडते ती प्रामुख्याने जिथे आयात जकात जबर आहे अशा देशांत. त्यांत इराण, पाकिस्तान, इजिप्त यांच्याबरोबर खुद्द भारताचेही नाव आहे. ठेवीची रक्कम गाडीची किंमत आणि वाटेवरचे देश पाहून ठरते. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीपेक्षाही अधिक असू शकते. अनुभवी स्वार फार महागडी गाडी नेऊ नये असे सांगतात, त्यामागे दुरुस्तीच्या सोयीइतकेच हेही कारण असते. नवी कोरी, लाखोंची गाडी म्हणजे तितकीच मोठी ठेव, आणि वर्षभर ते पैसे अडकलेले. जुन्या, स्वस्त गाडीवर निघालेला माणूस गरीब असतोच असे नाही. त्याने हिशेब केलेला असतो.

हिशेब आणि जुनी गाडी म्हटले की एल्स्पेथ बिअर्डचे नाव घ्यावे लागते. लंडनमध्ये वास्तुशास्त्र शिकणाऱ्या या मुलीने पबमध्ये काम करून पैसे साठवले आणि १९८२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आपली ‘बीएमडब्ल्यू आर ६०/६’ बोटीने न्यूयॉर्कला धाडली. गाडी १९७४ ची, आधीच बरीच वापरलेली. प्रायोजक कोणी नव्हता. दुचाकीच्या मासिकांना आणि कंपन्यांना तिच्या बेतात रस वाटला नाही. अमेरिका पार करून ती ऑस्ट्रेलियाला पोचली तेव्हा पैसे संपत आले होते. सिडनीत तिने एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत सात महिने नोकरी केली, आणि फावल्या वेळात सामानासाठी कुलूप लावता येतील अशा अॅल्युमिनियमच्या पेट्या स्वतःच्या हातांनी बनवल्या. क्वीन्सलंडमधील कच्च्या रस्त्यावर ती जोरात पडली, डोक्याला मार लागला, रुग्णालयात राहावे लागले. हेल्मेट नसते तर पुढे सांगण्यासारखे काही उरले नसते.

पण तिचा सर्वांत कठीण काळ अपघाताचा नव्हता. सिंगापूरमध्ये तिचा पासपोर्ट, सगळे व्हिसा आणि गाडीची कागदपत्रे चोरीला गेली. गाडी धडधाकट होती, ती स्वतः धडधाकट होती, रस्ता समोर होता. आणि तरी तिला तिथे सहा आठवडे अडकून पडावे लागले. एकेका वकिलातीच्या दारात रांगा लावून, प्रत्येक व्हिसा नव्याने मिळवत तिने ती थैली पुन्हा भरली. नॉटिंगहॅमची चोरी आणि ही चोरी यांत चार दशकांचे अंतर आहे. आता पासपोर्टची छायाप्रत मोबाइलमध्ये असते, वकिलातीला ई-मेल करता येतो, समाजमाध्यमांवर हाक दिली की मदत येते. तरीही सीमेवरच्या अधिकाऱ्याला लागतो तो मूळ कागद आणि त्यावरचा ओला शिक्का. या एका बाबतीत जग फारसे पुढे सरकलेले नाही.

थायलंडमध्ये तिच्या गाडीसमोर अचानक कुत्रा आला आणि ती झाडावर आदळली. तिला उचलून नेले ते एका गरीब थाई कुटुंबाने. तिला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तिची. सुमारे दोन आठवडे तिने त्या घरात काढले आणि अंगातला ठणका व गाडीची मोडतोड दोन्ही आवाक्यात आल्यावरच ती निघाली. अशा प्रवासवर्णनांत असे एखादे घर हटकून येते. वाचणारा ते भावुक होऊन वाचतो, पण त्यात व्यवहाराचाही भाग आहे. मोटारीतल्या माणसाला दार लावून आत बसता येते. दुचाकीवरच्या माणसाला दारच नसते. पाऊस आला तर कोणाच्या तरी ओसरीत जावे लागते, गाडी बंद पडली की पहिल्या भेटणाऱ्या माणसावर विश्वास टाकावा लागतो. ‘एकट्याने’ केलेला प्रवास प्रत्यक्षात अनोळखी माणसांच्या भरवशावर केलेला असतो. दोघे-तिघे मिळून निघाले तर ते एकमेकांच्या भरवशावर असतात, इतकाच फरक.

पेनांगहून बोटीने मद्रासला उतरून बिअर्ड भारतभर फिरली, नेपाळला गेली. परतीची वेळ आली तेव्हा वर्ष होते १९८४. अफगाणिस्तानची वाट पाच वर्षांपूर्वीच मिटली होती. उरला होता एकच मार्ग : पंजाबमधून पाकिस्तान, तिथून बलुचिस्तानचे ओसाड माळरान ओलांडून इराण आणि मग तुर्कस्तान. त्यातला इराण इराकशी लढत होता, आणि जूनमध्ये सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाईनंतर पंजाबही परदेशीयांना विशेष परवान्याखेरीज बंद झाला. पाकिस्तानकडे जाणारा रस्ता तर पंजाबातूनच. एका राज्याच्या अंतर्गत पेचामुळे हजारो मैलांवरून आलेल्या, त्या पेचाशी काडीमात्र संबंध नसलेल्या मुलीची घरची वाट अडली होती. शेवटी ती सीमा तिने ओलांडली. मात्र पुढचा प्रवास तिने कावीळ अंगात घेऊन केला; इराणचा व्हिसा मोजक्या दिवसांचा होता, त्यामुळे विश्रांती घेणे म्हणजे मुदत संपू देणे. दुखणे की मुदत, यांत तिने मुदत निवडली. या टप्प्यात काठमांडूला भेटलेला एक डच दुचाकीस्वार तिच्या सोबतीला होता, हेही नोंदवायला हवे. जगप्रदक्षिणा करणारी पहिली ब्रिटिश महिला दुचाकीस्वार म्हणून तिची ओळख सांगितली जाते; त्या ओळखीला या सोबतीने उणेपणा येत नाही.

सुमारे ३५ हजार मैलांचा प्रवास आटोपून ती लंडनला परतली तेव्हा कोणी हार घेऊन उभे नव्हते. तिने शिक्षण पूर्ण केले, वास्तुरचनाकार म्हणून नाव मिळवले, सरे परगण्यातील पाण्याचा एक जुना मनोरा विकत घेऊन त्याचे घर केले. प्रवासाचे पुस्तक आले ते थेट २०१७ मध्ये. सायमनच्या प्रवासामागे मोठे वृत्तपत्र उभे होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

दोघांच्याही गाड्यांविषयी थोडे सांगायला हवे. ट्रायम्फ आणि जुनी बीएमडब्ल्यू या दोन्ही साध्या यंत्ररचनेच्या. व्हॉल्व, कार्ब्युरेटर, पॉइंट यांची जुळणी मालकाला हातपान्यांच्या जुडग्यावर करता येई. आताच्या गाड्यांत इंधनाचा पुरवठा संगणक करतो; त्या सहसा बिघडत नाहीत, पण बिघडल्या की गावातल्या मेकॅनिकचा इलाज चालत नाही. कोणते बरे, यावर स्वारांत अखंड वाद चालतो. तो येथे सोडवण्याचे कारण नाही.

भारतातून पश्चिमेकडे निघणाऱ्याचा पेच मात्र आजही बराचसा बिअर्डसारखाच आहे. भारतीय पासपोर्टवर पाकिस्तानातून गाडी नेणे जवळपास अशक्यप्राय; २०२५ च्या एप्रिलमधील पहलगाम हल्ल्यानंतर तर अटारीची चौकीच बंद करण्यात आली. म्हणून युरोपकडे निघालेले अनेक जण आधी उलट्या दिशेला जातात : नेपाळ, तिबेट, चीन आणि मग मध्य आशिया. दुसरा पर्याय गाडी बोटीने आखातात किंवा इराणला पाठवण्याचा. चीनचा नियम या संदर्भात मोठा मजेशीर आहे. परदेशी गाडी चीनमधून न्यायची तर अधिकृत संस्थेमार्फत आधी परवानगी, तात्पुरती नंबरपट्टी, चालकाचा तात्पुरता परवाना आणि सबंध वाटेवर सोबत चिनी मार्गदर्शक. थोडक्यात, ‘एकट्याने जग पाहायला निघालेल्या’ स्वाराच्या मागेपुढे सरकारमान्य सोबती आपल्या गाडीत बसून चालतो. त्याचा खर्च अर्थातच स्वाराचा.

मूळची इराणची आणि पुण्यात स्थायिक झालेली मराल याझारलू २०१७ मध्ये जगप्रवासाला निघाली, तेव्हा तिच्या मायदेशात स्त्रियांना मोटारसायकलचा परवानाच मिळत नव्हता. सातही खंडांवर गाडी चालवण्याचा तिचा संकल्प होता. कागद नावाच्या वस्तूची किंमत तिच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

टेड सायमनने २००१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तीच प्रदक्षिणा पुन्हा केली. या खेपेस बीएमडब्ल्यूवर, जवळपास तीन वर्षे. केनियात त्याचा पाय मोडला. बरा झाल्यावर तो पुढे निघाला. पहिल्या वेळची ट्रायम्फ आता कॉव्हेंट्रीच्या वाहतूक संग्रहालयात ठेवलेली आहे. बाकीच्या स्वारांचा प्रवास एवढ्या दिमाखाने संपत नाही. गाडी मायदेशी परत आली की जकात अधिकारी तिचा चासीचा क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहतो, पुनरागमनाचा शिक्का मारतो. मग ती चुरगळलेली, डागाळलेली पुस्तिका संघटनेच्या कचेरीत परत करायची. तेथील कारकून एकेक पान उलटून आतला आणि बाहेरचा शिक्का जुळतो का ते पाहतो, आणि सगळे जुळले तर काही दिवसांनी ठेव परत मिळते.